चपळ मोटार आणि रोजचा संसार



मोटार ही चैनीची वस्तु कीं गरजेची, हा वाद आतां जुना झाला. शहरांतील पुष्कळ कुटुंबांनीं तो आपल्यापुरता सोडविला असून दाराशीं एक आटोपशीर हॅचबॅक आणून उभी केली आहे. हॅचबॅक म्हणजे आंखूड बांध्याची, मागील कांचेसकट सबंध दार वर उचलून उघडणारी गाडी. तिच्यांत आठवड्याची भाजी मावते, मागचें आसन दुमडलें तर मुलाची सायकल मावते, आणि इमारतीच्या दोन खांबांमधील अपुऱ्या जागेंतही ती निमूटपणें उभी राहते. अशा गाडीविषयीं कोणाची तक्रार नसते.

परंतु या गरीब स्वभावाच्या गाडीला एक तापट बहीण आहे. बांधा तोच, दारें तींच, डिकी तीच; मात्र बॉनेटखालीं जवळजवळ दुप्पट जोर, चाकांवर अधिक घट्ट स्प्रिंगा आणि चाकांच्या आड मोठे ब्रेक. इंग्रज लोक तिला 'हॉट हॅच' म्हणतात. अशी गाडी रोजच्या वापरास ठेवावी काय, आणि ठेवल्यास ती सजवावी कशी, या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां तरुणांचा दिसतो. पण ज्या घरांत वीस-बावीस वर्षांचें अपत्य गाडीची किल्ली मागूं लागलें आहे, त्या घरांतील वडील माणसांचाही तो तितकाच आहे.

या गाडीचें मूळ, आश्चर्य वाटेल, पण काटकसरींत आहे. १९५९ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस या अभियंत्यानें 'मिनी' नांवाची चिमुकली मोटार काढली. इंजिन आडवें बसवून आणि पुढच्या चाकांना गति देऊन त्यानें अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडींत चार माणसांची सोय केली. हेतु पेट्रोल वांचविण्याचा होता. पण शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या ध्यानांत आलें कीं, ही गाडी वळणावर जमिनीला चिकटून जाते. १९६१ सालीं 'मिनी कूपर' निघाली. मूळच्या ३४ अश्वशक्तीच्या जागीं तिच्यांत ५५ अश्वशक्ति होती. आणि, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे, जोर वाढवितांनाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन सालीं मिनीनें मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. मिनीला मागें उचलून उघडणारें दार मात्र नव्हतें. तेव्हां तिला या कुळाची आजी म्हणावें, आई नव्हे.

आईचा मान बहुतेक जाणकार जर्मनीच्या गाडीला देतात. फ्रान्स-इटलींतील एक-दोन गाड्या त्या आधींच्या दाखवितां येतील. तथापि या प्रकाराला नांवरूप मिळालें तें फोक्सवॅगनच्या 'गोल्फ जी. टी. आय.'मुळें. १९७४ सालीं जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन कलावंतानें आंखलेली साधी गोल्फ बाजारांत आली. त्याच सुमारास कंपनींतील मोजक्या अभियंत्यांनीं, वरून हुकूम नसतांना, तिची चपळ आवृत्ति करण्याचा खटाटोप आरंभिला. १९७५ च्या सप्टेंबरांत फ्रँकफर्टच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली आणि १९७६ पासून विकली जाऊं लागली. १.६ लिटरचें इंजिन, ११० अश्वशक्ति, आठशें किलोंहून किंचित् अधिक वजन, आणि ताशीं १८० किलोमीटरांच्या पलीकडचा वेग. पांच हजार गाड्या खपल्या म्हणजे पुरे, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. कारण उघड आहे. दोन गाड्या बाळगण्याची ऐपत नसलेल्या माणसाला एकाच गाडींत दोन गाड्या मिळाल्या. सोमवारीं कचेरी आणि रविवारीं डोंगरांतला वळणांचा रस्ता. टांग्याला जुंपावा आणि प्रसंगीं शर्यतींतही सोडावा, असा तो घोडा होता.

घोडा म्हटला म्हणजे त्याची खोडही आली. १९८४ सालीं फ्रान्समध्यें 'पूजो २०५ जी. टी. आय.' निघाली. ती हलकी व विलक्षण चपळ होती. पण वेगानें वळण घेत असतांना चालकानें घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर गाडीचा मागचा भाग बाजूला निसटावयाचा. यामागचें शास्त्र सोपें आहे. पाय काढतांच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि त्यांची जमिनीवरील पकड सुटते. आजच्या गाड्यांत ही घसरण आवरणारी विजेची यंत्रणा असते. ती चूक सांवरते, पण तिलाही मर्यादा आहेत. भार आणि पकड यांचा नियम कोणत्याही यंत्रणेनें रद्द केलेला नाहीं.

आपल्या देशाकडे पाहिलें, तर या प्रकारच्या गाड्यांचा महाराष्ट्राशीं खरा संबंध आहे. २००१ सालीं आलेली १.६ लिटरची 'फियाट पॅलिओ' ही येथील हौशी मंडळींची पहिली आवडती गाडी म्हणतां येईल. मुंबईच्या कुर्ल्याला फियाटचा कारखाना होता, तो हा काळ. पुढें २०१५ सालीं पुण्याजवळच्या रांजणगांवच्या कारखान्यांतून 'अबार्थ पुंतो' निघाली. तिच्या १.४ लिटरच्या टर्बो इंजिनांत १४५ अश्वशक्ति होती, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि किंमत दहा लाखांच्या आंत होती. २०१६ सालीं फोक्सवॅगननें 'पोलो जी. टी. आय.' परदेशांतून आणली. १९२ अश्वशक्तीच्या या तीनदारी गाडीच्या फक्त ९९ प्रती भारतासाठीं होत्या आणि किंमत पंचवीस लाखांवर होती. २०२४ सालीं टाटांनीं १२० अश्वशक्तीची 'अल्ट्रोझ रेसर' काढली. २०२५ सालीं प्रत्यक्ष 'गोल्फ जी. टी. आय.' २६५ अश्वशक्ति घेऊन येथें आली. तिची किंमत पन्नास लाखांच्या पुढें गेली, आणि तरीही आणलेल्या थोड्याशा गाड्यांना गिऱ्हाइकांची वाण पडली नाहीं.

या यादींत एक खेदाची गोष्ट दडलेली आहे. ज्या गाड्या मध्यम वर्गाच्या आवांक्यांत होत्या, त्यांतील पुष्कळशा आज नव्या मिळत नाहींत. चाकणची साधी पोलोसुद्धां २०२२ सालीं बंद झाली. लोकांची आवड उंच गाड्यांकडे वळली आहे. त्यामुळें ज्याच्याजवळ अशी एखादी गाडी आहे, त्याच्यावर तिचा मालक होण्याबरोबरच तिची जपणूक करण्याचीही जबाबदारी येऊन पडली आहे. तिचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होणार, हें गृहीत धरून त्यानें वागलें पाहिजे.

आतां रोजच्या वापराकडे वळूं. गेलीं सात वर्षें मी अशी एक गाडी दररोज कचेरीला नेत आहें, म्हणून दोन शब्द अनुभवाचे सांगतों. पहिला प्रश्न लोक हा विचारतात कीं, शहरांत ताशीं वीस किलोमीटरांनीं रांगावयाचें असतांना या जोराचा उपयोग काय? उपयोग आहे. टर्बोचें काम असें कीं, इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर एक चक्र फिरतें, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. अधिक हवा, अधिक पेट्रोल, अधिक जोर. यामुळें लहान इंजिनालाही कमी फेऱ्यांत ओढ येते. गाडी चार माणसें व सामान घेऊन घाट चढत असतां धापा टाकीत नाहीं. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडावयाचें झाल्यास समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेंत ती थोडाच वेळ राहते. आणि ज्या दिवशीं रस्त्यांत एकाएकीं मूल धांवत येतें, त्या दिवशीं मोठ्या ब्रेकांची किंमत कळते. तेव्हां या गाडीचा खरा गुण वेगापेक्षां तिच्या तत्परतेंत आहे.

पण या तत्परतेचें मोलही द्यावें लागतें. शहरांतील गर्दींत पेट्रोल साध्या हॅचबॅकपेक्षां स्पष्टपणें अधिक लागतें. ओढ, वळण आणि बहुतेक ब्रेक, हें सर्व पुढच्या चाकांवर येत असल्यानें पुढचे टायर लौकर झिजतात. ठराविक अंतरानें पुढचे मागें व मागचे पुढें करणें भाग पडतें. टर्बोचें चक्र मिनिटाला लाखाच्या घरांत फेरे घेतें आणि तेलाच्या पातळ थरावर फिरतें. म्हणून तेल बदलण्याच्या कामीं आळस म्हणजे त्या चक्राचें आयुष्य तोडणें होय. लांबचा चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद न करितां मिनिटभर शांत चालूं द्यावें. ब्रेकचें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें. तें सर्वसाधारणपणें दोन वर्षांनीं बदलावें. हीं कामें दिसत नाहींत, त्यांची वाहवाही होत नाहीं. पण चपळ गाडीचें आरोग्य तेवढ्यावर अवलंबून असतें.

घरांतील मंडळींचाही विचार हवा. घट्ट स्प्रिंगांमुळें प्रत्येक खड्डा मागच्या आसनावरील आजींच्या कमरेला कळतो. गाडी विकत घेण्यापूर्वीं तरुण मुलगा ती एकटाच चालवून पाहतो आणि खूश होऊन परत येतो. माझी सूचना अशी कीं, घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागें बसवून, गांवांतील सर्वांत वाईट रस्त्यावरून ती अर्धा तास फिरवून आणावी. त्यानंतरही आजी हंसत असतील, तर गाडी खुशाल घ्यावी.

येथवर वापराचें झालें. आतां सजावटीचें पाहूं, कारण अशा गाडीच्या मालकाचें चित्त खरें तेथेंच गुंतलेलें असतें. सजावट करूं नये, असें मी म्हणणार नाहीं. आपला शेतकरी पोळ्याच्या दिवशीं बैलाचीं शिंगें रंगवितो, अंगावर झूल घालतो, गळ्यांत घुंगुरमाळा बांधतो. आणि दुसऱ्या दिवशीं तोच बैल औताला जुंपतो. त्या दिवशीं झूल उतरलेली असते. खांद्याला काचेल असा अलंकार तो कामाच्या दिवशीं बैलाच्या अंगावर ठेवीत नाहीं. रोजच्या गाडीच्या सजावटीची कसोटी हीच असावी: ती गाडीला काचतां कामा नये.

उत्तम सजावटीचा धडा पहिल्या गोल्फ जी. टी. आय.कडूनच घ्यावा. त्या गाडीच्या आंतील भागाची रचना गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या बाईंनीं केली. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रें काढण्याचें शिक्षण त्यांनीं घेतलें होतें. त्यांनीं आसनांना स्कॉटलंडच्या पद्धतीचें चौकटीचें कापड दिलें आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ बसविली. बाहेरून पाहतां समोरच्या जाळीभोंवतीं एक बारीक तांबडी रेघ आणि मागच्या कांचेभोंवतीं काळी कड, या तिच्या खुणा. लुगड्याची शोभा जशी काठांत असते, तशी ती रेघ होती. ओळखणाऱ्यानें ओळखावें, न ओळखणाऱ्याला त्रास होऊं नये. पन्नास वर्षें होत आलीं, तरी ती रेघ त्या कुळाची खूण होऊन राहिली आहे.

याच्या उलट पुष्कळांची पहिली धांव मोठ्या चाकांकडे असते. येथें थोडें गणित उपयोगीं पडतें. समजा, गाडीला १९५/५५ मापाचे व १६ इंची चाकांचे टायर आहेत. रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारें १०७ मिलिमीटर. ती दुप्पट करून त्यांत १६ इंच मिळविले म्हणजे टायरचा सबंध व्यास सुमारें ६२१ मिलिमीटर होतो. आतां १७ इंची चाकावर २०५/४५ मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारें ६१६ येतो. फरक शेंकडा एकाहूनही कमी. वेगमापकांत फारसा बिघाड होणार नाहीं. हौशी माणूस येथेंच थांबतो आणि समाधान पावतो. परंतु बाजूची उंची १०७ वरून ९२ मिलिमीटरांवर आली, हें तो विसरतो. खड्ड्याचा धक्का शोषणारी रबराची गादी पंधरा मिलिमीटरांनीं पातळ झाली. मग पावसाळ्यांत अलॉय वांकतें, टायरच्या बाजूस फुगा येतो, आणि शोभेपायीं घेतलेलें चाक गॅरेजच्या भिंतीला टेकून राहतें.

गाडी खालीं बसविण्याची हौसही अशीच. आखूड स्प्रिंगा घातल्यानें गाडी दिसते ऐटबाज, यांत शंका नाहीं. पण गणित येथेंही करावें. गाडीचें पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर वर असून तें ३० मिलिमीटर उतरविलें, तर १२५ उरतात. चार माणसें बसलीं कीं आणखी कमी. आपल्याकडे गतिरोधकाचें जें अधिकृत माप आहे, त्यांत उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर धरलेली आहे. तेवढ्या सौम्य उंचवट्यावरून गाडी कशीबशी निघेल. पण आपल्या गल्लींतील गतिरोधक त्या मापाचे नसतात, हें मीं सांगावयास नको.

तिसरी हौस आवाजाची, आणि हिच्याविषयीं मात्र मला स्पष्ट बोललें पाहिजे. सायलेन्सर काढून फटाक्यांचा आवाज करणारा एक्झॉस्ट बसविला, म्हणजे गाडीचा जोर वाढला, असा एक समज आहे. जोर नांवापुरता वाढतो; उपद्रव मात्र निश्चित वाढतो. रात्रीं अकरा वाजतां सोसायटीच्या फाटकांतून अशी गाडी शिरते, तेव्हां मालकाला एका मिनिटाचा आनंद होतो, आणि नुकतें निजलेलें तान्हें मूल, दवाखान्यांतून परतलेले आजोबा व परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांचा तास-दीड तास जातो. हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाला पटण्यासारखा नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, गाडीच्या नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं जुळेनासा होईल असा बदल करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हें पुन्हां स्पष्ट केलें. गाडीचा रंग हा नोंदणींतील तपशील असल्यानें, सबंध रंग बदलल्यास आर. टी. ओ.कडे तशी नोंद करून घेतली पाहिजे. समोरच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के उजेड आंत आला पाहिजे. इंजिनाच्या संगणकांतील हिशेब बदलून अश्वशक्ति वाढवून देणारे कारागीर शहरोशहरीं आहेत. पण तसें केल्यास कंपनीची वॉरंटी जाते, धुराचें प्रमाण बदलतें, आणि विमा कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघाताच्या वेळीं भरपाईच्या आड येऊं शकतो. म्हणजे चार-पांच अश्वांची हौस कुटुंबाच्या सुरक्षिततेवर उठते.

मग करावें तरी काय? माझ्या मतें खर्चाचा क्रम असा असावा. पहिला पैसा टायरवर, दुसरा ब्रेकवर, तिसरा आसनांवर, आणि यांतून उरला तर रंगरेषांवर. मूळ मापाचेच, पण उत्तम पकडीचे टायर घातल्यानें गाडींत जो फरक पडतो, तो कोणत्याही पंखानें किंवा स्टिकरनें पडत नाहीं. त्यापुढें एखादी बारीक रेघ, नीट शिवलेलें चामड्याचें स्टिअरिंग, स्वच्छ धुतलेलें अंग आणि न विझलेले दिवे, एवढ्यानें गाडी सुंदर दिसते. पुष्कळ गाड्या सजावटीअभावीं नव्हे, तर धुण्याअभावीं वाईट दिसतात.

शेवटीं मुख्य गोष्ट, वेगाची. हा विषय मीं मुद्दाम अखेरीस ठेवला. गाडींतील गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ५० किलोमीटरांऐवजीं १०० चा वेग झाला, तर ती शक्ति दुप्पट न होतां चौपट होते, आणि ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतरही साधारण चौपट. ब्रेकवर पाय जाण्यापूर्वीं जो एक सेकंद विचारांत जातो, तेवढ्यांत ५० च्या वेगाची गाडी १४ मीटर जाते आणि १०० ची २८ मीटर. चपळ गाडींत हा शंभराचा आंकडा कानाला न कळतां गांठला जातो. आंत शांतता असते, आसन घट्ट धरून असतें, आणि वेगाची जाणीवच हरपते. साधी गाडी खडखडून इशारा देते. ही देत नाहीं. म्हणून तिच्या चालकाच्या अंगीं संयम अधिक असावा लागतो.

ज्यांना हा जोर खरोखर आजमावावयाचा आहे, त्यांच्यासाठीं चेन्नईजवळ आणि कोइमतूरजवळ शर्यतीचीं मैदानें आहेत. तेथें शिक्षक असतो, शिरस्त्राण असतें, आणि वळणावर पादचारी नसतो. वर्षांतून एक दिवस तेथें घालविणारा तरुण उरलेले दिवस रस्त्यावर अधिक शांत असतो, असें मीं पाहिलें आहे. आपल्या गाडीची आणि आपली हद्द कोठें आहे हें ज्याला कळलें, त्याला ती दर चौकांत सिद्ध करण्याची गरज वाटत नाहीं.

तेव्हां, आईबापहो, मुलानें किंवा मुलीनें अशा गाडीचा हट्ट धरला, तर एकदम नाहीं म्हणूं नका. तिचा महिन्याचा खर्च कागदावर मांडावयास सांगा, टायर बदलावयास शिकवा, आजींना मागें बसवून फिरवून आणावयास सांगा. या तीन परीक्षांत जो उतरेल, त्याच्या हातीं किल्ली देण्यास हरकत नाहीं. आणि, तरुण मित्रहो, गाडी चपळ आहे हें रस्त्याला ओरडून सांगूं नका. तुमच्या शेजारीं बसलेल्या माणसाला सबंध प्रवासांत एकदांही दाराची मूठ धरावीशी वाटली नाहीं, तर तुम्ही ती उत्तम चालविली असें समजा.